बाईंचा घरचा संच

सन्माननीय अध्यक्षमहोदय, म्हणजे आमचे संचालक साहेब. व्यासपीठावर बसलेले, आणि व्यासपीठावर बसणं ज्यांना मनापासून आवडत नाही असे आमचे सगळे विभागप्रमुख. आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या संगणक विभागाच्या बाई. त्यांचे यजमान, आमचे दातांचे डॉक्टर भावजी. त्यांची लेक आणि जावई. आणि समोर बसलेले माझे सहकारी बंधुभगिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

थोडक्यात आणि हसतखेळत बोला, असं सूत्रसंचालकांनी मला दोनदा बजावलं आहे. हसतखेळत बोलायची हमी मी देते. थोडक्याचं बघू. आणि बोलता बोलता माझा आवाज बसला, तर तो माइकचा दोष समजावा. हा माइक सकाळपासून त्रास देतोच आहे.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपली संस्था नदी मोजते, आणि मोजलेली नदी रोज संध्याकाळी चार ओळींत लिहून पाठवायचं काम माझ्याकडे आहे. "पाण्याची पातळी स्थिर आहे" हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिलं असेल, तितक्या वेळा आयुष्यात सहीसुद्धा केली नसेल. संगणकातलं मला काय कळतं? काही नाही. मग बाईंबद्दल बोलायला मला का उभं केलं? कारण आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या शाळेत एका बाकावर बसायचो. आमचे निळे फ्रॉक एकाच कापडाचे, वेण्यांच्या रिबिनी एकाच गुंडाळीतल्या. तुम्ही सगळे त्यांना बाई म्हणता. मी त्यांना टाचणी म्हणते. बारीक होती, आणि कुठल्याही गोष्टीत टोचायची, म्हणून टाचणी. आता बारीक राहिलेली नाही. बाकीचं तसंच आहे.

बघा, वटारले डोळे.

तर आजचं माझं बोलणं त्यांच्या घरच्या संचाबद्दल आहे. इथले सगळे हसले, पण घरच्या मंडळींच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह आहे. तेव्हा मला जे कळलं, ते मला कळलं तसं सांगते. इथले सगळे हिशेब ज्या भाषेत लिहितात तिचं नाव पायथन. भाषा एकच, पण ती घरी आणायची कशी याचे प्रकार निरनिराळे. त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आम्ही आपले संच म्हणतो. नवीन घर घेताना कसं असतं? एक घर नुसत्या भिंतींचं मिळतं, तुमची खाट, तुमचं कपाट तुम्ही आणा. तो झाला कोरा संच. दुसरं घर सामानासकट मिळतं, अगदी पायपुसण्यापर्यंत. तो भरलेला संच. राहायचं दोन्हीकडे सारखंच, पण कुठली वस्तू कुठे आहे आणि ती कोणी आणून ठेवली, यात सगळा फरक.

फार वर्षांपूर्वी इथे प्रत्येकानं कोरा संच आणला होता आणि आपापलं सामान आपापल्या आवडीनं भरलं होतं. परिणाम काय झाला? एकाच पुलाखालच्या पाण्याची उद्याची पातळी तीन टेबलांवरून तीन निघाली. तेव्हाच्या संचालकांनी तिन्ही कागद समोर ठेवून शांतपणे विचारलं, "आपल्याकडे नद्या किती आहेत?" त्या वेळी टाचणी या विभागात नवीन होती. तिनं उठून सांगितलं, "साहेब, नदी एकच आहे. घरं तीन आहेत." आणि तिनं तिसऱ्या प्रकारचं घर बांधायला घेतलं. भाषा तीच, पण आपल्याला लागणारं सामान तिनं स्वतः पारखून, एकमेकांशी पटेल असं बघून, एका संचात बांधलं; तोच हा घरचा संच. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी ओळखपत्र मिळायचं आणि बाईंचा संच मिळायचा. जवळजवळ वीस वर्षं ही संस्था त्या संचावर चालली.

आणि संचाबरोबर बाईंनी आणखी एक व्यक्ती जन्माला घातली. सासूबाई! कुठलाही बदल करायचा झाला, की तो आधी सासूबाईंना दाखवायचा, ही इथली रीत. सासूबाई म्हणजे एक चाचणी. ती मागच्या वर्षांचे आकडे घेते, सगळा अंदाज पुन्हा मांडते, आणि तेव्हाच्या उत्तराशी ताडून बघते. केसाइतका फरक निघाला तरी पडद्यावर एकच ओळ येते, "आमच्याकडे असं करत नाहीत." सगळं बरोबर असेल तर काहीही येत नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, बरोबर आलं तर एखादा चांगला शब्द तरी टाक." तर म्हणाली, "सासू आहे ती. गप्प बसली हेच कौतुक." आपल्या सासूबाईंचा फोटो बाईंनी टेबलावर ठेवला आहे, आणि त्या अतिशय प्रेमळ होत्या, हे मी इथे नोंदवते. नाहीतर भावजींना घरी जायची पंचाईत.

मग आपले गणितज्ञ आले. त्यांना सगळे घाई म्हणतात, आणि त्यांनीही ते नाव आनंदानं स्वीकारलं आहे. जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या त्यांना कधीच लागत नाहीत. रुजू झाल्याच्या आठवड्यात ते बाईंच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "हा संच कोणी बांधलाय हो? फारच जुनाट आहे."

बाई म्हणाल्या, "मी."

घाई म्हणाले, "अरे वा. भक्कम आहे."

हसा, हसा. ते स्वतः ही गोष्ट सगळ्यांना सांगतात. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते प्रकरण नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी रीतसर प्रस्ताव दिला, की घरचा संच बंद करावा आणि बाहेरचा, जगभर वापरला जाणारा भरलेला संच आणावा. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे निवड नुसती दोन संचांमधली नव्हती. एका बाईचं वीस वर्षांचं काम तिच्या मागे राहणार की तिच्या डोळ्यांदेखत गुंडाळून ठेवलं जाणार, हे ठरायचं होतं. आणि ठरवणाऱ्या समितीत कोण? संचालक साहेब, घाई आणि स्वतः बाई. टिपणं घ्यायला मी. बाई म्हणाल्या, "मला यातून वगळा. माझ्याच लेकराचा निकाल मी कसा देऊ?" साहेब म्हणाले, "लेकराला तुमच्याइतकं कोण ओळखतं?" आणि वगळलं नाही.

त्या बैठका मी कधी विसरणार नाही. खिडकीशी ते गोल टेबल, मधोमध बिस्किटांची बशी, आणि बशीच्या दोन्ही बाजूंनी युद्ध.

"त्या संचातलं निम्मं सामान आपल्याला जन्मात लागणार नाही," बाई म्हणायच्या. "स्वयंपाकघरात चार भांडी हवीत, तर तुम्ही लग्नाच्या पंगतीची आणताय."

"पण ती भांडी हजारो लोक रोज घासतात, बाई. चीर गेली तर दुसऱ्या दिवशी कळतं. तुमच्या संचात चीर गेली तर कळणार कोणाला?"

"मला."

"आणि तुम्ही रजेवर असलात तर?"

"मी रजा घेते कधी?"

"तेच म्हणतोय मी!"

त्यावर बाईंनी बिस्कीट उचललं आणि खाल्लं नाही, हातातच धरून ठेवलं. मी शाळेपासून बघते आहे. उत्तर नसलं की टाचणी हातातली वस्तू सोडत नाही.

त्या दिवसांत घरीही हाच विषय होता, असं भावजींनीच मला सांगितलं. सांगू ना, भावजी? मान हलवली, म्हणजे सांगते. एका संध्याकाळी हिनं त्यांना विचारलं, "अहो, दात काढायचा की ठेवायचा, हे तुम्ही कशावरून ठरवता? दुखण्यावरून?"

भावजी म्हणाले, "दुखण्यावरून काय कळतंय? दुखणारा दात पुष्कळदा वाचतो. न दुखणाराच आतून पोकळ निघतो."

"मग कळतं कसं?"

"उघडून बघावं लागतं. तू तोंड उघडत नाहीस, हाच तर माझा संसारातला प्रश्न आहे."

शेवटी ठरलं, की निकाल सासूबाई देतील. दोन्ही संचांवर तेच काम चालवायचं, तेच जुने आकडे द्यायचे. सगळा विभाग पडद्यासमोर जमला होता. आधी घरचा संच. पडद्यावर काही नाही. सासूबाई गप्प. मग घाईंनी भरलेला संच चालवला. आणि एकाखाली एक ओळी येऊ लागल्या. "आमच्याकडे असं करत नाहीत. आमच्याकडे असं करत नाहीत." पडदा भरून वर सरकायला लागला. घाईंनी नदीची आकृती काढून दाखवली. नदी चांगली वाहत वाहत आली, आणि मधेच सरळ खाली गेली. तळाच्याही खाली, कागदाच्याही खाली. आपली नदी पाताळात गेली हो!

लोक पोट धरून हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. घाई लाल झाले होते. साहेब म्हणाले, "झालं तर मग. बाईंचाच संच ठेवायचा. सासूबाईंनी निकाल दिलाय." घाईंनी आपला लॅपटॉप मिटला आणि खिलाडूपणानं म्हणाले, "मान्य."

मी टाचणीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही हसेल. ती हसत नव्हती. ती पडद्याजवळ गेली, चष्मा वर केला, आकृती जिथे खाली कोसळली होती तिथे बोट ठेवलं, आणि म्हणाली, "थांबा. हे यांच्या संचाचं चुकलेलं नाही. हे माझं आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. मोजणीच्या ठिकाणचं यंत्र बंद पडलं, की ते उणे नऊशे नव्याण्णव असा आकडा पाठवतं. त्याचा अर्थ एवढाच, की आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. फार पूर्वी, एका पुराच्या धांदलीत, हा आकडा खरा समजला जाऊन हिशेब बिघडायला लागले. बाईंनी काय केलं? प्रत्येकाचा प्रोग्राम दुरुस्त करायला सवड नव्हती. म्हणून त्यांनी संचाच्या आत, आकडे वाचणारा जो भाग आहे, त्याच्यातच बदल करून टाकला. हा आकडा दिसला की जागा रिकामी समजायची. एका जागी दुरुस्ती झाली आणि सगळ्यांचं सुरळीत चाललं. इतकं सुरळीत, की दुरुस्ती आहे हेच सगळे विसरले. प्रोग्राममध्ये तिचा मागमूस नाही. बाहेरच्या संचात तो भाग त्याच्या मूळ रूपात होता. त्यानं बिचाऱ्यानं जे लिहिलं होतं तेच वाचलं.

साहेब म्हणाले, "मग हा तर तुमच्या संचाचा मोठेपणा झाला."

"नाही साहेब. ही गोष्ट प्रोग्राममध्ये असायला हवी होती, वाचणाऱ्याला दिसेल अशी. मी ती संचाच्या पोटात लपवली. मी गेल्यावर हे पोट उघडून बघणार कोण?"

घाई म्हणाले, "मी बघेन की."

"तुम्ही बघाल. तुमच्यानंतर?"

घाईंनी, त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, अजिबात घाई न करता मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला.

"बाई, तुमचं आयुष्य आहे त्यात," साहेब म्हणाले.

"म्हणूनच तर म्हणतेय. माझं मत भरलेल्या संचाला. लिहून घे गं."

हे शेवटचं मला. मी पेन खाली ठेवलं. कोणी काही म्हणो, मी लिहून घेणार नव्हते. मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि चांगली झापली. म्हटलं, "वेड लागलंय का तुला? जिंकली होतीस!"

ती म्हणाली, "जिंकले म्हणूनच घाबरले. सगळे हसत होते बघ, आणि एकालाही कळलं नव्हतं नदी का बुडाली ते." मग म्हणाली, "सिस्टर आठवतात का गं, भरतकामाच्या?"

आठवतात म्हणजे काय! आमच्या त्या सिस्टर रुमालाची फुलं कधी बघतच नसत. रुमाल हातात घेत, आणि पहिल्यांदा उलटा करत. मागे गाठी किती, धागे कुठून कुठे ओढलेत, ते बघत आणि मार्क देत. मला नेहमी वाटायचं, हा अन्याय आहे. मागची बाजू कोण बघतं?

"आज माझा रुमाल उलटा झाला," टाचणी म्हणाली. "सुटी होईपर्यंत वेळ आहे अजून. गाठी सोडवून टाकते."

मी परत आत गेले आणि लिहून घेतलं.

पुढचे महिने तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच आहेत. बाई आणि घाई खिडकीशी शेजारी शेजारी बसून संच उसवत होते. एकेक लपलेली दुरुस्ती शोधायची, बाहेर काढायची, प्रोग्राममध्ये उघड्यावर ठेवायची, आणि ती का केली हे तिथेच साध्या भाषेत लिहायचं. साधी भाषा आली म्हणून मलाही बोलावणं आलं. एका दुरुस्तीशेजारी बाईंनी स्पष्टीकरण लिहिलं होतं, "बोट."

मी विचारलं, "म्हणजे?"

"अगं, त्या वळणावरच्या मोजपट्टीला एक कोळी आपली बोट बांधतो. बोट हलली की यंत्र हलतं, आणि नदी उगाच चढलेली दिसते."

"मग तसं लिही ना!"

"लिहिलंय की. बोट."

"हे तुला कळतं, टाचणे. वाचणाऱ्याला वाटेल हाताचं बोट."

घाई मधेच म्हणाले, "मला तर वाटलं, हे इथे बोट लावू नका म्हणून लिहिलंय. मी लावलं नाही!"

असं आमचं चालायचं. कधी कधी एका दुरुस्तीपाशी टाचणी बराच वेळ थांबायची. त्या वर्षीचा पूर तिला आठवायचा, तेव्हाचे सहकारी आठवायचे, कोणाची कुठे बदली झाली, कोण आता नाही. मग ती दुरुस्ती बाहेर यायची आणि संच तेवढा हलका व्हायचा. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? आपण विणलेलं आपणच उसवायचं, तेही इतक्या नीट, धागा न तोडता. पण तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. आणि घाईंचं म्हणाल, तर ते जिन्याच्या सगळ्या पायऱ्या उतरायला लागले आहेत. कोणी म्हणतं वय झालं. मी म्हणते, टाचणीची संगत.

आता शेवटचं सांगते. सूत्रसंचालक घड्याळ बघत आहेत ते मला दिसतंय.

नदीच्या खालच्या अंगाला आपलं छोटं कार्यालय आहे. इतकी वर्षं पाणी चढायला लागलं की तिथून फोन यायचाच, "बाई आहेत का?" कारण घरचा संच फक्त इथे होता, आणि तो सांभाळणारी एकटीच होती. जेवायला बसलेली टाचणी उष्ट्या हातानं उठून फोनवर गेलेली मी कितीदा पाहिली आहे. लेकीच्या लग्नाच्या दिवशीही पाहिली आहे. नव्या संचाचं एक आहे, तो कुठेही बसवता येतो. आपले प्रोग्राम आता तिथेही जसेच्या तसे चालतात.

गेल्या महिन्यात दोन दिवस पाणी चढत होतं. आम्ही डबे उघडून बसलो होतो, आणि फोन वाजला. टाचणी सवयीनं अर्धवट उठली. मी तिला हातानंच बसवलं आणि फोन घेतला. पलीकडे एक मुलगी होती, नवीन असावी. आवाजात अजिबात धांदल नाही. म्हणाली, "आमचा अंदाज तयार आहे. मधलं एक यंत्र बंद पडलं होतं, पण ते प्रोग्राममध्ये लिहिलेलंच आहे, त्यामुळे अडलं नाही. खालच्या वस्तीला आम्ही कळवलंय, लोक वर यायला लागलेत. तुमच्या माहितीसाठी फक्त फोन केला."

मी विचारलं, "बाईंना देऊ का?"

ती म्हणाली, "कोण बाई?"

मी फोन ठेवला. टाचणी हातात चमचा धरून माझ्याकडे बघत होती. "काय झालं? काय अडलंय त्यांचं?"

मला सांगवेना. मी म्हटलं, "काही नाही. झालंय त्यांचं काम."

"आणि माझ्याबद्दल काय विचारलं?"

"विचारलं, कोण बाई?"

तिनं हातातला चमचा खाली ठेवला. आणि मग जी हसायला लागली! चष्मा काढून ठेवला, डोळे पुसले, पुन्हा हसली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी हसू यायचं तसं, थांबतच नव्हतं. शेवटी पाणी प्यायली आणि म्हणाली, "चला बाई, झाली माझी सुटी," आणि शांतपणे बसून सगळा डबा संपवला. तिला डबा संपवताना मी या इमारतीत पहिल्यांदा पाहिलं.

टाचणे, त्या मुलीनं तुला ओळखलं नाही, हे तू फार मोठं काम केलंस. पण तेवढं कसब आमच्या अंगात नाही. उद्यापासून तुझ्या खुर्चीकडे बघून आम्ही कोणीही "कोण बाई" असं म्हणू शकणार नाही. आठवड्यातून एकदा तरी येत जा. काम काढणार नाही. नुसता डबा घेऊन ये.

माइकनं अखेर दगा दिलाच. असो. मला बोलायची संधी दिलीत म्हणून साहेबांचे आभार. संसारातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू दिल्या म्हणून भावजींचे. आणि स्वतःवर हसू दिलं म्हणून घाईंचे विशेष आभार. संगणकातलं काही मी उलटसुलट सांगितलं असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, आणि थोडक्यात बोलण्याचं वचन तर मोडलंच आहे, ते सगळं तुम्ही मोठ्या मनानं पोटात घालावं. बाईंना आणि भावजींना उत्तम आरोग्य लाभो, एवढं म्हणते आणि खाली बसते.

नमस्कार.